न उघडलेला डबा

“आज्जी, त्या म्हणतायत, तुझा हात घाई करतोय.”

“हात नाही गं, तवा घाई करतोय. सांग त्यांना.”

अमीने सांगितलं. तोशिको-सान तोंडावर हात धरून हसल्या आणि माझं मनगट पकडून त्यांनी तवा आचेवरून वर उचलला. तवा म्हणजे आपला गोल तवा नव्हे. शाळेच्या पाटीएवढा लांबट चौकोनी, उभ्या कडांचा. त्यात फेटलेल्या अंड्याचा पातळ थर ओतायचा, तो ओलसर आहे तोवरच जेवायच्या काड्यांनी गुंडाळत आणायचा, गुंडाळी पलीकडे सरकवायची आणि मोकळ्या जागेत पुन्हा थर ओतायचा. थरावर थर चढत शेवटी पिवळी धमक वीट होते. तिला तामागोयाकी म्हणतात. माझी पहिली वीट मधोमध फाटली होती.

“आमच्यात याला पोळा फाटला म्हणतात. सांग.”

“पोळा म्हणजे काय सांगू?”

“धिरडं सांग.”

“धिरडं म्हणजे?”

“राहू दे. फाटलं एवढंच सांग.”

“ते त्यांना दिसतंय, आज्जी.”

अमी उंच स्टुलावर बसली होती, पाय लोंबकळत. साडेपाच वर्षांची पोर, बापाशी मराठी आणि आईशी जपानी बोलत वाढलेली. तिच्याशिवाय आम्हा दोघींचं काही चालणार नव्हतं. मला जपानी येत नव्हतं, तोशिको-सानना मराठी येणं शक्य नव्हतं, आणि आमचं दोघींचं इंग्रजी ‘गुड’ आणि ‘हॉट’ यापुढे जात नव्हतं. तोशिको-सान सत्तरीच्या पुढच्या. नवरा वारलेला, मुलं लांब. तोयामा नावाच्या त्या शहरात, आपल्याच स्वयंपाकघरात त्या चार माणसांना घरचं रांधायला शिकवायच्या. नवी लग्न झालेली मुलगी, एखादा एकटा राहणारा बाप्या, अधूनमधून परदेशी पाहुणे. त्या दिवशी मात्र आम्ही दोघीच होतो.

रणजित, माझा मुलगा, कारखान्यात जाता जाता आम्हाला दारात सोडून गेला होता. जाताना एवढंच म्हणाला, “आई, फक्त ते अंडं शीक. बाकी नाही जमलं तरी चालेल.”

अमीची आई, अकेमी, त्या वर्षी चैत्रात गेली. संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी असताना डोक्यातली शीर फुटली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी फलटणहून मिळेल त्या विमानाने गेले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी काढलेली, पहिली-दुसरीच्या वर्गांवर. नुकतीच निवृत्त झाले होते. रणजित फोनवर म्हणाला, “आई, पोरीला कसं सांभाळायचं मला कळत नाही.” मी म्हणाले, “तू तुझं बघ. पोरांचं मला सांगू नकोस. पोरं मला कळतात.”

अमी रडली नाही. हट्ट केला नाही. घरी जेवायला बसली की स्वतःच्या हाताने चमचाभर भात घ्यायची, चमचाभर आमटी घ्यायची आणि वाटी बोटाने पुसून लख्ख करायची. मी म्हणायची, “शहाणी गं माझी बाय! वाढू का अजून?” ती मान हलवायची.

पण बालवाडीचा डबा परत यायचा. पहिल्याच दिवशी आख्खा डबा आला, मी रुमालाला मारलेली गाठसुद्धा तशीच. मग रोजच. बालवाडीच्या बाईंनी रणजितला फाटकापाशी थांबवून सांगितलं, बाकीची मुलं जेवतात तेव्हा ही डबा मांडीवर घेऊन बसते, पण उघडत नाही. पोरीच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती.

“तिला अकेमीच्या हातचं हवंय, आई,” रणजित म्हणाला. “अकेमी रोज डब्यात तामागोयाकी द्यायची. तेच तेवढं अमी आधी खायची.”

त्याने स्वतः करून पाहिलं. दुकानातून आणून पाहिलं. डबा तसाच. माझं परतीचं विमान महिनाअखेरीस होतं, आणि तोवर पोर खायला लागली नाही तर तिला मी फलटणला घेऊन जायची, शाळाही तिथेच, असं आमचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे मी बोलले आणि रणजितने खिडकीकडे तोंड करून मान हलवली. वर्षातून एकदा येणाऱ्या बापाला पोर किती दिवस ओळखते, हे मी वर्गात पुष्कळ पाहिलं होतं. त्याला सांगितलं नाही. त्यालाही ते माहीत असावं.

तोशिको-सानना त्यानेच शोधलं. अकेमी लग्नानंतर नवीन नवीन त्यांच्याकडेच शिकायला जायची. साखर किती, सोयाचा रस किती, सुकी मासळी घालून उकळलेलं पाणी किती, सगळं त्यांच्या हाताचं. म्हणजे अकेमीच्या हातची चव या जगात आता एकाच ठिकाणी शिल्लक होती. ती मी उचलून घरी न्यायची होती.

माझी दुसरी वीट फाटली नाही, पण एका अंगाने करपली. तोशिको-सान काहीतरी पुटपुटल्या.

“काय गं?”

“त्या म्हणतात, पहिल्यांदा माझ्या आईचं पण असंच झालं होतं.” अमी लोंबकळणाऱ्या पायांकडे बघत म्हणाली.

मी पटकन दुसऱ्या विषयावर आले. “आणि मघाशी एवढा वेळ काय सांगत होत्या?”

“अंडं फेटताना फेस करायचा नाही. कापल्यासारखं करायचं. आणि कागदाने तेल पुसायचं, ओतायचं नाही. आणि तू बोलतेस फार.”

“हे त्या म्हणाल्या की तू?”

“त्याच म्हणाल्या.” पण तिच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. अमीच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही मी आल्यापासून पहिल्यांदा पाहत होते. मला वाटलं, जमलं. आता अंडंही जमेल.

तिसऱ्यांदा मी तोंड बंद ठेवलं. हाताला कळायला लागलं होतं. थर फुगला की बुडबुडा काडीच्या टोकाने फोडायचा, कड सुटली की मनगटाला एक झटका. तोशिको-सान बाजूला हात बांधून उभ्या राहिल्या, माझं मनगट त्यांनी धरलं नाही. वीट उतरली. त्यांनी ती बांबूच्या छोट्या चटईत दाबून घेतली, सुरी ओल्या फडक्याला पुसली आणि कडेचा एक तुकडा कापून तोंडात टाकला.

त्यांनी डोळे मिटले. मग हळू आवाजात काही बोलल्या. त्यातलं नाव तेवढं मला कळलं. अकेमी-सान.

“काय म्हणाल्या गं?”

“काही नाही.”

“नाव घेतलं ना त्यांनी?”

“मीठ बरोबर आहे म्हणाल्या,” अमी म्हणाली.

मी हुरळले होते. मला काही दिसत नव्हतं. मी मधला चांगला तुकडा उचलला, त्यावर फुंकर घातली आणि वर्गातल्या नाहीतर घरातल्या कुठल्याही पोराला भरवावं तसा तिच्या ओठाशी नेला. “आ कर बघू. आईच्या हातचा आहे. हुबेहूब.”

अमीने ओठ आवळले. इतके, की पांढरे पडले. मान मागे नेली. मी तुकडा आणखी थोडा पुढे केला. देवा, मी तो पुढे केला. ती स्टुलावरून घसरली आणि स्वयंपाकघरातून पळत गेली.

तोशिको-साननी गॅस बंद केला. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. दुभाषी गेली होती.

दाराशी जपानी घरांत एक पायरीभर खोल जागा असते, जोडे काढून ठेवायला. अमी तिथे पायरीवर बसून बूट घालत होती. बाहेर जायचं होतं असं नाही. तिला कुठे जाता येणार होतं? पण पट्टी लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती.

मी शेजारी बसले. विचारलं काही नाही. पोराला ‘काय झालं’ म्हणून विचारलं की ‘काही नाही’ एवढंच ऐकायला मिळतं. मी माझ्या चपला ओढल्या आणि डावी उजव्या पायात घालायला लागले. वर्गातली माझी जुनी युक्ती. चुकणारं मोठं माणूस कुठल्याच पोराला बघवत नाही.

पट्टीवरचा तिचा हात थांबला. म्हणाली, “आज्जी, उलटं.”

“असं होय? मग कसं?”

तिने माझा अंगठा धरून चप्पल बदलली. दुसरीही बदलली. मग माझ्या पायाकडेच बघत म्हणाली, “मी टाकलं होतं.”

“काय टाकलं होतंस?”

“अंडं. डब्यात. त्या दिवशी.”

मी चपलेचा पट्टा सरळ केला.

“मला नको होतं. रोज तेच. मी सगळं टाकलं. आईने डबा उघडला. ती रागावली नाही. तिने ते खाल्लं, तिथेच, उभ्यानेच.” ती थांबली. “मग ती पडली.”

“अगं बाळा, अंडं टाकलं म्हणून का कुणी...”

“तूच सांगितलंस.”

“मी?”

“फोनवर. अन्नपूर्णेची गोष्ट.”

आदल्या हिवाळ्यात त्यांनी व्हिडिओ कॉल केला होता. फोन अकेमीच्या हातात होता. गाजर ताटात टाकते म्हणून अकेमी हसत हसत अमीची तक्रार करत होती, आणि रणजित मराठीतून मला सांगत होता. मी म्हणाले, थांब, मी बघते तिच्याकडे. आणि मी गोष्ट सांगितली. शाळेत खिचडीच्या रांगेत जी वर्षानुवर्षं सांगत आले तीच. एका घरात अन्नपूर्णा राहायची. रोज गरम गरम रांधायची. पोरं पानात टाकायची. ती काही बोलायची नाही. एक दिवस पोरांनी सगळंच टाकलं. तिने भांडी झाकली, चूल विझवली, पदर खोचला आणि निघाली. पोरं हाका मारत मागे धावली. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती परत आलीच नाही.

‘आलीच नाही’ म्हणताना मी डोळे मोठे करायची आणि आवाज अगदी खाली आणायची. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता व्हायची, आणि मग ताटल्या साफ. केंद्रप्रमुख आले की मुख्याध्यापक मुद्दाम त्यांना दाखवायचे, बाईंच्या वर्गात शितही वाया जात नाही.

फोनवर अमीने विचारलं होतं, “अन्नपूर्णा म्हणजे कोण?” मी म्हणाले होते, “घरात जी आपल्याला करून घालते ना, ती.”

रणजितने ते जपानीत सांगितलं तशी पडद्यावर अकेमीने स्वतःकडे बोट दाखवलं होतं आणि ती हसली होती. मीही हसले होते.

दाराशी त्या पायरीवर बसून मला आणखी एक आठवलं. माझ्या वर्गांत आई नसलेली पोरं असायची. दर वर्षी एखाददुसरं असायचंच. त्यांनाही मी ही गोष्ट सांगितली होती. डोळे मोठे करून. आणि ती पोरं सगळ्यांत आधी ताटली साफ करायची, त्याचं मी कौतुक करायची.

“म्हणून डबा उघडत नाहीस?” मी विचारलं.

“डबा मोठा असतो. संपला नाही तर उरेल.” ती समजावल्यासारखं म्हणाली. “उघडलाच नाही तर टाकलं असं होत नाही.”

“आणि घरी?”

“घरी मी थोडंच घेते. आता तू करतेस ना.”

मी हात पुढे केला, पण तिला जवळ घ्यायची हिंमत होईना. तिने माझ्याकडे पाहिलं. आत्तापर्यंत ती पायांशीच बोलत होती.

“मी काहीच टाकलं नाही, आज्जी. एकदाही नाही. तरी तू जाणार?”

शाळेत पोरांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. देव कुठे राहतो, पाऊस कोण पाडतं. कुठलंही उत्तर मी कधी फार वेळ शोधलं नाही. त्या दिवशी शोधलं.

“जाणार,” मी म्हणाले. “सगळं खाल्लंस तरी जाणार आणि सगळं टाकलंस तरी जाणार. आणि दोन्ही वेळेला परत येणार. विमानाला तुझ्या डब्याचं काय कळतं?”

ती विचार करत राहिली.

“आणि आईच्या डोक्यात एक शीर होती. ती आतून कमकुवत होती. कुणालाच माहीत नव्हतं. तुला नाही, बाबाला नाही, डॉक्टरला नाही. ती फुटली. अंड्याने शीर फुटत नाही, गाजराने फुटत नाही. ती गोष्ट खोटी आहे, अमी. पोरांनी जेवावं म्हणून मी रचून सांगायची.”

“पण तू शाळेत पण सांगायचीस.”

“हो.”

“मग शाळेत पण खोटं?”

“हो.”

तिला ते पटलं नाही. तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं. गोष्ट सांगताना माझा चेहरा कसा झाला होता ते तिने पाहिलं होतं, आणि आत्ताचा रडवेला चेहराही पाहत होती. दोन्हींतला कुठला खरा, हे तिने ठरवलेलं होतं. नुसत्या बोलण्याने ते पुसलं जाणार नव्हतं. पाटीवरचं असतं तर पुसलं असतं.

“चल,” मी म्हणाले. “जेवण थंड होतंय. तू काही खाऊ नकोस. नुसती माझ्याशेजारी बस.”

तोशिको-साननी पानं वाढून ठेवली होती. भात, मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, तिळाची पूड लावलेला पालक, आणि प्रत्येकीच्या ताटलीत माझ्या विटेचे तीन तीन तुकडे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अमीच्या बुटांकडे पाहिलं. ती बूट न काढताच आत आली होती. त्या घरात असं कधी झालं नसेल. त्यांनी माझ्या शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली.

आम्ही हात जोडले आणि जेवायला लागलो. अमी माझ्या कुशीला टेकून बसली. तोशिको-सान जेवताना मी पाहत होते. त्यांनी सूप संपवलं तेव्हा वाटीत थेंब राहिला नाही. वाडग्याला चिकटलेलं एक शीत त्यांनी काडीने असं टिपलं, जसं मी माझ्या आईला टिपताना पाहिलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची आणि मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची. वाटताना भुईवर सांडलेला कण आम्ही थुंकी लावलेल्या बोटाने टिपून खायचो. तेव्हापासून त्या दिवसापर्यंत मी कुणाच्याही घरी, लग्नाच्या पंगतीतसुद्धा, पानात घास टाकला नव्हता.

मी अंड्याचा एक तुकडा खाल्ला. गोडसर, मऊ. खरंच सुरेख झाला होता. दुसरा तुकडा अर्धा खाल्ला. वाडग्यात निम्मा भात होता. मी काड्या खाली ठेवल्या.

माझं पोट भरलं नव्हतं. हात परत काड्यांकडे जात होता. मी तो मांडीखाली दाबून धरला.

“अमी, त्यांना सांग, माझं झालं.”

तिने माझ्या पानाकडे पाहिलं. मग घाबरून माझ्याकडे. “आज्जी, उरलंय.”

“हो. मी टाकतेय. सांग त्यांना.”

“नको ना. त्या रागावतील.”

“रागावू देत.”

“आज्जी, खा ना.” तिने माझी बाही धरली होती. “थोडंच आहे. मी मदत करू?”

“नको. मला टाकायचंय. तू बस आणि बघ.”

तोशिको-सान थांबल्या होत्या. त्यांच्या काड्यांत शेवटचा तुकडा होता, तोंडापाशी आलेला. त्यांनी अमीला काही विचारलं. अमीने एक शब्द सांगितला. त्यांनी पुन्हा विचारलं, फार हळू. मग अमी बोलायला लागली. आधी अडखळत, मग भरभर. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला ‘आज्जी’ कळलं. ‘अन्नपूर्णा’ कळलं, तो शब्द तिने तसाच ठेवला होता. आणि मग तिचा आवाज फाटला आणि ती रडायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. रडत रडतच ती सांगत राहिली, आणि तोशिको-सान ऐकत राहिल्या. त्यांचा हात हवेत तसाच होता.

अमीचं सांगून झालं. तोशिको-साननी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. माझ्याहून थोरली, माझ्याच शिकवण्याच्या धंद्यातली बाई दुसऱ्या बाईकडे जसं पाहील, तसं. मला खाली बघावंसं वाटलं, पण मी बघितलं नाही.

मग त्यांनी तो ओठाशी आलेला तुकडा परत ताटलीत ठेवला. काड्या ठेवायच्या छोट्या ठोकळ्यावर काड्या आडव्या ठेवल्या. हे त्यांना किती जड गेलं असेल ते त्या टेबलावर मला एकटीलाच कळत होतं. त्या दोन शब्द बोलल्या.

अमीने नाक पुसलं. “त्या म्हणतात, त्यांचं पण पोट भरलं.”

आम्ही दोघी म्हाताऱ्या उष्ट्या पानांसमोर बसून राहिलो. अमी आळीपाळीने आमच्याकडे पाहत होती. माझं पान, त्यांचं पान, माझा चेहरा, त्यांचा चेहरा. आमच्यापैकी कोण उठतंय, याची ती वाट पाहत होती, हे मला जरा उशिराच लक्षात आलं. तोशिको-साननाही आलं असावं, कारण चहाची विजेवरची किटली त्यांच्या मागे ओट्यावर शिट्टी वाजवत होती आणि त्या उठल्या नाहीत. किटली ओरडून ओरडून आपली आपण गप्प झाली.

सूप थंड झालं. भातावर साय धरल्यासारखी झाली. कुणीच उठलं नाही.

मग अमीने तिच्या पानातला एक तुकडा काड्यांनी उचलला. वास घेतला. कडेचा इवलासा भाग चावला आणि खूप वेळ चघळत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती चावत होती. मग आणखी एक घास घेतला. मग उरलेला तुकडा, अर्ध्याहून थोडा मोठा, तिने हळूच ताटलीत ठेवला आणि काड्यांवरचा हात काढून घेतला.

ती माझ्याकडे बघायला लागली.

“बरं झालंय?” मी विचारलं.

“थोडं गोड आहे,” ती म्हणाली. “आई एवढी साखर नाही घालायची.”

“मग सांग तोशिको-सानना.”

तिने सांगितलं. तोशिको-सान मोठ्याने हसल्या, या खेपेला तोंडावर हात न धरता, आणि हसता हसता त्यांनी पदराने पुसावं तसं एप्रनच्या टोकाने डोळे पुसले.

बेल वाजली. रणजित न्यायला आला होता. तोशिको-साननी टेबलावर हात टेकले, उठण्यासाठी. मग अमीकडे पाहिलं आणि हात काढून घेतले. मीही हलले नाही. बेल पुन्हा वाजली. बाहेरून रणजितचा आवाज आला, काळजीचा, “आई? सगळं ठीक आहे ना?”

अमीने आमच्या दोघींकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग मान वळवून ती दाराकडे ओरडली, “बाबा, दार ढकल ना! आम्ही अजून बसलोय.”